एकही दिवस अडणार नाही

बाबा दवाखान्यात राहणार होते फक्त एक रात्र. मोतीबिंदूचं ऑपरेशन. हल्ली लोक ते सकाळी करून घेतात आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीसमोर बसतात. पण बाबांना घराबाहेर रात्र काढायची म्हटलं की आधी चार्ज द्यावा लागे. लग्नाला जायचं असो नाहीतर मयताला, घराचा चार्ज रीतसर कुणाच्या तरी हाती दिल्याशिवाय त्यांनी पायात चप्पल घातली नव्हती. म्हणून रविवारी दुपारी एक वाजता सगळ्यांनी हजर राहायचं फर्मान निघालं. ते मोडायची हिंमत काकांनाही नव्हती. काकांनी आयुष्यात नऊ नोकऱ्या सोडल्या होत्या, पण थोरल्या भावाकडचं जेवण एकदाही सोडलं नव्हतं.

ताई पोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. जिन्यात ती दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली, श्वास घेतला, चेहरा नीट केला आणि मग वर आली. पर्स तिने खुर्चीखाली, पायांच्या मध्ये ठेवली. पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये एक यादी होती. एकेचाळीस नावांची, आडनावांच्या क्रमाने लावलेली. अकरावं नाव तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

उद्या सकाळी नऊ वाजता ही एकेचाळीस माणसं ऑफिसच्या दारात कार्ड लावणार होती आणि दार उघडणार नव्हतं. ताईला हे चार दिवसांपासून माहीत होतं. माहीत आहे, आणि कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगणार नाही, अशा कागदावर तिने सही केली होती. बातमी फुटली तर फोडणारा बेचाळिसावा, हे साहेबांनी हसत हसत सांगितलं होतं. नवरा गेल्यापासून ताईचं घर आणि लेकीचं कॉलेज तिच्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. चार दिवस तिचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता.

"आलीस? बस. आपण पान अठ्ठावन्नवर आहोत," बाबा म्हणाले. उशीर का झाला, हे त्यांनी विचारलं नाही. चार्ज चालू असताना ते इकडचं तिकडचं बोलत नसत.

टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची वही उघडी होती. पानांवर बाबांनी स्वतःच्या हाताने आकडे घातले होते. आता त्यांना स्वतःचंच अक्षर दिसत नसल्यामुळे वाचायचं काम वायसरकडे होतं. वायसर म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. दीड वर्षाचा असताना त्याने नळाचा वायसर गिळला. तीन दिवस अख्खं घर त्याच्या लंगोटाकडे डोळे लावून बसलं, वायसर सुखरूप बाहेर आला, बाबांनी तो धुऊन पुन्हा नळाला बसवला आणि पोराला हे नाव जन्माचं चिकटलं. आता तो अडतीस वर्षांचा होता, कानशिलं पिकायला लागली होती, एका मोठ्या कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर एकट्याने सांभाळत होता. घरात मात्र वायसरच.

"पाण्याची मुख्य चावी," तो वाचत होता. "डावीकडे पावणेदोन आटे. पूर्ण दोन फिरवू नये. गळते. शेजारच्यांची किल्ली. खिळ्यांच्या डब्यात, तळाशी. मधल्या खोलीची खिडकी. आधी वर उचलावी, मग ढकलावी."

"दादा, एका रात्रीत ती खिडकी कोण उघडणार आहे?" काकांनी विचारलं.

"नेमकी त्याच रात्री उघडावी लागते."

"आम्ही काय दूधखुळे आहोत?"

"प्रश्न तो नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "आपण नसलो तर दुसऱ्याचं अडू नये. बस."

हे वाक्य या घरात भिंतीवर लिहिलेलं नव्हतं एवढंच. कारखान्यात छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळताना बाबांनी अकरा वह्या लिहिल्या होत्या. कुठला पाइप कधी कुरकुरतो, कुठली झडप हिवाळ्यात अडकते, सगळं. निवृत्त झाले त्या दिवशी अकराही वह्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. एकाही वहीतलं एकही पान फाटलेलं नव्हतं. मी गेल्यावर बॉयलर तासभरही बंद पडला नाही, असं ते आजही पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे कौतुकाने मान डोलावत.

मधे जेवणं उरकली, पुन्हा पानं सुरू झाली आणि साडेतीनच्या सुमारास आईने चहा आणला. वायसरची बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, म्हणून घरात ती मास्तरीण. ती कप मांडत होती, पण तिचं लक्ष नवऱ्याकडे होतं. आता काहीतरी निघणार, हे ताईच्या लक्षात आलं.

"बाबा, सही करायच्या आधी एक सांगायचं होतं," वायसर म्हणाला. "मला दुसऱ्या कंपनीने बोलावलंय. काम चांगलं आहे. तिथल्या बाई स्वतः फोन करतायत. आज पाच वाजेपर्यंत हो की नाही कळवा म्हणाल्या, त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार आहे."

"मग?"

"मी नाही म्हणतोय. पत्र लिहून ठेवलंय. म्हटलं, तुम्हाला ऐकवून मग पाठवावं."

बाबांचा चेहरा फुलला. धूसर डोळ्यांनी ते आवाजाच्या दिशेने बघत होते. "तेरा वर्षं झाली ना तुला तिथे?"

"पुढच्या महिन्यात चौदा."

"तुझा आजोबा एका मालकाकडे मेला. मी एका कारखान्यात म्हातारा झालो. चांगलं केलंस."

ताईच्या हातातला कप बशीत वाजला. तिने तो खाली ठेवला.

"कंपनी तुझी कोण लागते रे?" काका म्हणाले. "मावशी की आत्या?"

"काका, तसं नाही. अडचणीच्या वेळी सोडून जायचं नसतं. बाहेर बघा ना काय चाललंय. दर आठवड्याला कुठेतरी शंभर, कुठेतरी हजार लोक काढतायत. आमच्याकडे एकालाही हात लावलेला नाही."

"अजून."

"काढणार असते तर आतापर्यंत काढलं असतं."

"मी नऊ ठिकाणी काम केलं," काका म्हणाले. "नऊच्या नऊ ठिकाणी जायच्या आदल्या दिवशी मालक मला चांगलं म्हणत होता. मी निघालो म्हणून चांगला राहिलो. राहिलो असतो तर काय झालं असतं, देवाला ठाऊक."

"तू टिकला नाहीस, त्याचं तत्त्वज्ञान करू नकोस," बाबा म्हणाले.

"बाबा, काका अगदी चूक नाही बोलत," मास्तरीण म्हणाली. सासऱ्यासमोर ती सहसा असं बोलत नसे. "हे रोज घरी येतात ते मान खाली घालून. जेवताना फोन ताटाशेजारी. रविवारीसुद्धा कुणी विचारलं की हे उत्तर द्यायला बसतात. कंपनीने यांच्यासाठी काय केलंय ते मला एकदा सांगा."

"पगार दिला, सूनबाई."

"तो कामाचा दिला, बाबा."

आईने मास्तरणीच्या पाठीवर हात ठेवला. गप्प बस म्हणून की शाबास म्हणून, ते कुणालाच कळलं नाही. आईचं हे कसब जुनंच होतं.

"ताईला विचारू," वायसर म्हणाला. "सात महिन्यांपूर्वी माझी टीम तिच्या हाताखाली आली. ती आतली. ताई, तू सांग. जावं की राहावं?"

सगळे तिच्याकडे वळले. बाबासुद्धा.

आता इथे ताईचं पाप सांगायला हवं, कारण ती स्वतः ते कुणाला सांगू शकत नव्हती. दीड महिन्यापूर्वी वरून एक फॉर्म आला. हाताखालच्या प्रत्येक माणसासाठी तीन प्रश्न. रजांचं नियोजन करायचंय, असं वर लिहिलेलं होतं. तिसरा प्रश्न असा होता: हा माणूस उद्या नसला तर काम किती दिवस अडेल? इतर साहेब लोक मुरलेले होते. त्यांनी आपापल्या लाडक्यांपुढे तीन महिने, सहा महिने असं ठोकून दिलं. ताईने प्रत्येकाचं खरं लिहिलं. भावाच्या नावापाशी आल्यावर तर ती दुप्पट खरी वागली, कारण बहिणीने भावाची तळी उचलली असं कुणी म्हणायला नको. त्याने चार वर्षं खपून त्या जुनाट सॉफ्टवेअरची तीनशे पानं लिहून ठेवली होती, हे बंद पडलं तर काय करा, ते रुसलं तर कसं मनवा. बाबांचाच मुलगा तो. ताईने अभिमानाने लिहिलं: एकही दिवस अडणार नाही.

या घरात याहून मोठी शाबासकी कुणी कुणाला दिली नव्हती. वर बसलेल्यांनी मात्र तो रकाना लहान आकड्याकडून मोठ्या आकड्याकडे लावला आणि वरून एकेचाळीस नावं कापली.

"ताई?"

"तुझं तू ठरव," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याचा वाटला.

"हे काय उत्तर झालं?"

"झालं की," बाबा म्हणाले. "ती साहेब आहे. तिने कोणाची बाजू घेऊ नये."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून नुसतीच उभी राहिली. भिंतीवर घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटं.

आई मागोमाग आली आणि नळ बंद केला. "पाणी वाहतंय," म्हणाली. मग बटाटे घेऊन सोलायला बसली, रात्रीच्या जेवणाला अजून वेळ असला तरी. आईला बोलायचं असलं की हाताला काम लागे. "तुझे बाबा निवृत्त झाले ना, तेव्हा चार महिने फोनपाशी खुर्ची घेऊन बसायचे. पेपर वाचतोय म्हणायचे. तुम्हा दोघांना कधी कळलं नाही."

"कशाला बसायचे?"

"कारखान्यातून कुणी काही विचारेल म्हणून. दुसऱ्या पाळीचा तो घुम्या फोरमन आठवतो? त्याने कधी एक ओळ लिहिली नाही, सगळं डोक्यात. निवृत्त झाल्यावरही त्याला सहा वर्षं गाडी पाठवून बोलवत होते. यांना एकदाही फोन आला नाही." आईने साल एकसंध काढून बाजूला ठेवलं. "वह्या चांगल्या होत्या ना."

 तेवढ्यात मास्तरीण आत आली, दार लोटून उभी राहिली.

"ताई, मी सरळ विचारते. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"नाही."

"शप्पथ?"

"अगं, नाही म्हटलं ना."

मास्तरीण तिच्याकडे बघत राहिली. पंधरा वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई. कुठलं पोर कॉपी करतंय हे तिला लांबून कळे.  तिने फक्त डोळे पुसले आणि बाहेर गेली. ताईला वाटलं, हिने एक मुस्काटीत दिली असती तर बरं झालं असतं.

बाहेरून वायसरचा आवाज आला. तो पत्र वाचून दाखवत होता. आपण माझ्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहे, परंतु सध्याच्या संस्थेशी असलेलं माझं नातं. नातं या शब्दावर बाबा "वा" म्हणाले.

"आधी सह्या," बाबांचं ठरलेलं होतं. "मग पाठव. कामं क्रमाने."

साडेचार. वही फिरायला लागली. 'चार्ज घेतला' असं लिहून प्रत्येकाने सही करायची. काकांनी केली, आईने केली, मास्तरणीने न बघता केली. वही ताईसमोर आली. पान बासष्ट. तिने पेन हातात घेतलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग तीन दिवस लंगोटाकडे डोळे लावून बसलेलं घर आठवलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि भाऊ मरणार या भीतीने कपाटात लपून रडली होती. आज लपायला कपाट नव्हतं.

तिने लिहिलं: मोठ्याने वाचू नकोस. उद्या नऊनंतर तुझं कार्ड चालणार नाही. त्यांना हो म्हण. आत्ता.

खाली सही केली आणि वही भावाकडे सरकवली.

वायसरने वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणी व्हायच्या तशा.

"काय लिहिलंय तिने?" बाबांनी विचारलं.

"चार्ज घेतला," वायसर म्हणाला. त्याने घसा साफ केला. "खाली सही."

"तारीख?"

"आहे. घातलीय."

त्याने स्वतःची सही केली, फोन उचलला आणि गॅलरीत गेला. दार ओढून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती. बाबा बोटांनी टेबलावर हलकेच ताल धरून बसले होते. काका तिसरा चहा मागत होते. ताई मोजत होती, पण काय मोजतेय ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. पाचला दहा कमी असताना त्याने फोन कानावरून काढला. ती बाहेर गेली.

"पंधरा दिवसांत या म्हणाल्या," तो म्हणाला. समोरच्या गच्चीकडे बघत होता. "एकूण किती जण?"

"एकेचाळीस."

"माझ्या शेजारी बसतो तो जाड्या?"

"मला विचारू नकोस."

"ताई, त्याचं पोर अजून चालायलासुद्धा लागलेलं नाही."

"विचारू नकोस म्हटलं ना."

तो कठड्याला टेकला. जाड्या यादीत नसता तर ताईने सरळ नाही म्हटलं असतं, एवढं न कळण्याइतका तो खुळा नव्हता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती टूंटूं करत होती.

"माझं काय चुकलं तेवढं सांग."

तिने सांगितलं. फॉर्म, तिसरा प्रश्न, आपलं उत्तर. काही लपवलं नाही, रडलीही नाही. रडणं म्हणजे माफी उकळणं, असं तिला वाटलं.

"म्हणजे तू माझं कौतुक केलंस," तो म्हणाला.

"हो."

"बाबांनी ते वाचलं असतं तर फ्रेम करून लावलं असतं." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "तीनशे पानं, ताई. सुट्टीच्या दिवशी बसून लिहिली. मला वाटायचं, कोणीतरी एक दिवस म्हणेल." वाक्य तिथेच राहिलं. ताईने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, धरलाही नाही.

आत गेल्यावर बाबांनी विचारलं, "पाठवलंस का पत्र?"

"पाठवलं, बाबा."

"शाबास."

मास्तरणीने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ती उठली आणि ताईचा गार झालेला चहा उचलून गरम करून आणला. कप हातात देताना तिची बोटं ताईच्या बोटांवर क्षणभर राहिली.

सहाला सगळे निघाले. ताई चपला शोधत होती तेव्हा बाबांनी आतून हाक मारली. "थोरले, जरा ये. वही घेऊन ये. आणि दार लोट."

ते पलंगावर बसले होते, शेजारी दवाखान्याची पिशवी भरून तयार. वही त्यांनी मांडीवर घेतली आणि शेवटचं पान बोटांनी चाचपलं. पेन जोरात दाबलं गेलं होतं, ओळी मागून हाताला लागत होत्या.

"सहीला एवढा वेळ लागत नाही," ते म्हणाले. "बाकीच्यांचं पेन दोनदा घासलं. तुझं बराच वेळ."

 हा माणूस स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉयलरला आणि मूठ कानाला लावून आतला बिघाड सांगायचा, हे आज सगळेच विसरले होते.

"बाबा, मी..."

"काय लिहिलंय ते सांगू नकोस. तो हो म्हणाला की नाही, तेही नको. गॅलरीच्या दारातून मला सगळं ऐकू येतं. एवढंच सांग, हे पान तुला बाधेल का?"

"बाधेल."

बाबांनी पानाची कड शोधली, वही गुडघ्यावर दाबली आणि पान फाडलं. शिवणीलगत, सरळ, हात न थरथरता. ताई बघत राहिली. या घरात वहीचं पान फाटताना तिने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"मागच्या बाजूला काय होतं?"

"मधल्या खोलीची खिडकी," ती म्हणाली. आता तिचे डोळे वाहत होते.

"आधी उचलायची, मग ढकलायची. लक्षात ठेव." त्यांनी खिशावरून हात फिरवला. "आणि त्याला सांग, नव्या ठिकाणी एक वही कमी लिही म्हणावं. मी सांगितलं असं नको सांगूस. तुझं म्हणून सांग."

"बरं."

"उद्या नऊला मला आत घेणार आहेत. तुलाही नऊला जायचं असेल."

तिने मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाली, "हो. दारातच उभं राहायचंय मला. सगळे येईपर्यंत."

बाबांनी हात पुढे करून तिचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला.  बाहेर आई काकांना डबा बांधून देत होती, झाकण लागत नव्हतं म्हणून दोघांचा वाद चालला होता.

"दुपारी मी खोलीत जागाच पडून असणार आहे," बाबा म्हणाले. "फोन उशाशी ठेवतो. फोन करा मला. काही अडलं नाही तरी करा."